पहिल्या हाकेला ओ

पालीच्या पुढे आणि लांज्याच्या अलीकडे हायवेवर एक वळण आहे. तिथे पोचलं की ट्रकवाले, एसटीवाले, टेम्पोवाले सगळे एकदा हॉर्न देतात. पूर्वी तिथे जुनाट वड होता आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला एक दगड होता, म्हणजे त्या हद्दीचा राखणदार. त्याला हॉर्न देऊनच पुढे जायचं, ही गाडीवाल्यांची रीत. रस्ता चौपदरी करताना वड गेला, डोंगर कापला गेला. दगड कुणी म्हणतं खालच्या रस्त्याला नेऊन बसवला, कुणी म्हणतं भरावात गेला. आता तिथे जांभ्याची उभी कापलेली लाल भिंत आहे. हॉर्न मात्र अजून देतात, आणि ती भिंत तो परत करते.

बंद काचांच्या गाडीत हे परत येणं ऐकू येत नाही. इतकी वर्षं त्या रस्त्यानं जाऊन मलाही ते माहीत नव्हतं. उघड्या गाडीतून गेले तेव्हा कळलं.

मी रत्नागिरीत ड्रायव्हिंग क्लास चालवते. शहरातल्या निम्म्या बायकांना स्टिअरिंग मीच धरायला लावलंय असं मी म्हणते, प्रत्यक्षात पाव असतील. मी खाष्ट आहे हे त्या माझ्या पाठीमागे बोलतात आणि मला ते आवडतं. माझा पहिला नियम आरशाचा. दर आठ-दहा सेकंदांनी आरसा बघायचा; नवऱ्याकडे बघितलं नाही तरी चालेल, आरशाकडे बघा. पुढचं डोळ्यांना दिसतंच, घात मागून येतो, हे माझं वाक्य माझ्या विद्यार्थिनींना झोपेतही येतं.

दुसरा एक नियम मी कुणाला शिकवला नाही, पण स्वतः जन्मभर पाळला. तो माझ्या आईचा. आई राजापूरच्या अलीकडच्या एका आतल्या गावची. ती सांगायची, "भर दुपारी नि तिनीसांजेला कुणी मागनं हाक मारली तर पयल्या हाकेला ओ देऊ नये, वळून बघू नये. दुसरं काय असंल तर एकदाच हाक मारता नि गप बसता. आपला माणूस असला तर परत मारील." मी हसायचे आणि पाळायचे. पन्नाशी उलटली तरी पाळत होते. दुपारी खालून पोस्टमननं हाक मारली की मी खिडकीशी उभी राहून दुसऱ्या हाकेची वाट बघायचे. तो मला बहिरी समजतो.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, त्याच गावात दिली होती आणि अजून तिथेच राहते. दोघींचा आवाज एकच. चेहरे वेगळे, उंची वेगळी, आवाज मात्र एका विहिरीचं पाणी. घरातल्या सगळ्या मुलींना दोघीही 'बाय' म्हणायच्या. आई गेल्यानंतर मावशीचा पहिला फोन आला, "बाय, जेवलीस?" तेव्हा मी उत्तर न देता फोन ठेवून दिला होता.

आता गाडीचं सांगते. मावशीचा मुलगा मुंबईत गॅरेजमध्ये काम करतो. कुणाच्या तरी अंगणात सडत पडलेली एक कापडी टपाची गाडी त्यानं मिळवली आणि सुट्टीच्या दिवशी खपून खपून दोन वर्षांत उभी केली. बटण दाबलं की टप घडी होऊन मागच्या डिकीत जातो आणि गाडी उघडी पडते. आमच्या गल्लीत तिचं नाव बोडकी पडलं. यंदा मे महिन्यात तो ती घेऊन आला, कारण मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन रत्नागिरीत होतं आणि त्यानंतर तिला या गाडीतून गावात न्यायचं त्यानं कबूल केलं होतं. ऑपरेशन पुढे गेलं, त्याची सुट्टी संपली. गाडी माझ्या दारात ठेवून तो रेल्वेनं परत गेला आणि म्हणाला, "ताई, तू ने. पण टप उघडा ठेवून ने हां, तिनं सगळ्या गावाला सांगून ठेवलंय."

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं फोनवर माझी शिकवणी घेतली. टप उघडायचा-लावायचा तो गाडी उभी करूनच. काचा चारही वर ठेवायच्या, वारा कमी घुसतो. ऐंशीच्या वर गेलीस तर एकमेकींचं बोलणं ऐकू येणार नाही. पदर पट्ट्याच्या आत, नाहीतर उडून तोंडावर येईल. ट्रकच्या बाजूनं रेंगाळायचं नाही, एक तर मागे राहा नाहीतर पुढे निघून जा. पुढच्या सीटांच्या मागे एक जाळी लागते, ती लाव, कारण उघड्या गाडीत वारा पुढून लागत नाही, मागून उलटा फिरून मानेवर येतो. आणि पाणी पीत राहा, वारा घाम टिपून नेतो, उन्हाचा पत्ताच लागत नाही.

"बाळा, मी गाडी शिकवते," मी म्हटलं.

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला.

ती जाळी मागच्या सीटच्या वरून आडवी लागते. मागे कुणी बसणार असेल तर ती लावताच येत नाही. आणि मावशीला मागेच बसायचं होतं. "डायवरच्या बाजूला भाजीवाल्या बसतत," ती म्हणाली. "सायब लोकं मागं बसतत. मना मागंच बसव." मी जाळी गुंडाळून डिकीत टाकली.

सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. पण डोळ्याचे डॉक्टर तपासायला उशिरा आले आणि आम्ही निघालो तेव्हा साडेअकरा झाले होते. मे महिना, साडेअकरा, मागे शहात्तर वर्षांची बाई, वर टप नाही. कुठल्याही विद्यार्थिनीनं हे केलं असतं तर मी तिला चारचौघांत झापलं असतं. पण मावशी काळा चष्मा लावून, नवं जरीकाठी लुगडं नेसून, हात मांडीवर जुळवून बसली होती. "टप नको लावूस गो," म्हणाली. आणि खरं सांगायचं तर मलाही लावायचा नव्हता. रस्त्यानं लोक वळून वळून बघत होते, ते मला आवडत होतं.

हातखंब्याला हायवेला लागलो. बंद गाडीतून हा रस्ता मी शेकडो वेळा बघितला असेल, पण बघणं आणि अंगावर घेणं वेगळं. तापलेल्या सिमेंटचा वास, डिझेलचा वास, मधेच कुठून तरी पिकलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस वास. शेजारून जाणाऱ्या ट्रकची चाकं थेट कानाशी फिरतात. कापलेल्या डोंगरांच्या पोटातून झाडांची मुळं बाहेर लोंबत होती. एका टप्प्यावर शेजारची दुसरी मार्गिका अजून खुली केलेली नव्हती. नवा कोरा, रुंद, पांढरा रस्ता आमच्या बरोबरीनं चालला होता आणि त्यावर काहीच नव्हतं, एक कुत्रंसुद्धा नाही. असा रिकामा रस्ता शेजारून सतत येत राहिला की माणूस उगाच त्याच्याकडे बघतं. मी दोन-तीनदा बघितलं, मग बघायचं नाही असं ठरवलं.

पालीपर्यंत मावशी बोलत होती. निम्मं वाऱ्यानं नेलं, निम्मं मला मिळालं. आरशात ती दिसत होती. बसथांब्यावरच्या अनोळखी माणसांना हात करत होती आणि ती माणसंही गोंधळून हात वर करत होती. मग ती गप्प झाली. दमली असेल, मी म्हटलं.

त्या वळणावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. सावली म्हणून कुठे नव्हती. पुढे गाडी नाही, मागे नाही, समोरूनही काही येत नव्हतं. सवयीनं मी हॉर्न दिला आणि भिंतीकडून तो परत आला, जरा उशिरानं, जरा जाड होऊन. तो विरतोय तोच मागून हाक आली.

"बाय."

हलकी, थकलेली. माझ्या आईची.

माझ्या दोन्ही हातांवर काटा आला, त्या उन्हात. मी ओ दिली नाही. वळले नाही. आणि जे मी आजवर एकाही विद्यार्थिनीला सांगितलेलं नाही ते असं, की मी आरशातही बघितलं नाही. आरशात बघणं म्हणजे मागे वळून बघणंच, असं मला त्या क्षणी वाटलं. मी हात वर करून आरसा आभाळाकडे फिरवला.

मागे मावशी बसली आहे हे मी विसरले नव्हते, तसं कुणी समजू नये. मला पक्कं ठाऊक होतं की मागे मावशी आहे, तिचा आवाज आईसारखा आहे आणि हाक तिचीच असणार. पण आईच्या नियमात त्याचीही सोय होती. मावशी असेल तर परत मारील. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत गाडी चालवत राहिले.

हाक आली नाही. एक किलोमीटर गेला. दोन गेले. आणि जसजशी ती येईना तसतशी माझी खात्री होत गेली की पहिली हाक मावशीची नव्हतीच. मावशी असती तर परत मारली नसती का? बरं झालं ओ दिली नाही, असंही वाटलं. मी स्वतःला हुशार समजत होते, हे मला अजून खातं.

पण मग दुसरंच काहीतरी सुरू झालं. मागे कुणीच नाही असं वाटायला लागलं. मावशी त्या वळणावरच उतरली आणि मी रिकामी गाडी नेतेय. आणि थोड्या वेळानं त्याच्या उलट, की मागे एक माणूस नाही, दोन आहेत. मानेवर वारा उलटा फिरून येत होता, तो आधीपासूनच येत होता, पण आता त्यात कुणाच्या तरी श्वासाची ऊब आहे असं वाटलं. घसा कोरडा पडला होता. बाटली शेजारच्या सीटवर होती, पण स्टिअरिंगवरून हात काढवेना. काटा नव्वदच्या वर गेलेला मला कळलासुद्धा नाही. मला, जी पन्नासच्या वर गेलेल्या बायकांच्या हातावर पट्टी मारते.

लांजा जवळ आलं होतं तेव्हा दुसरी हाक आली.

"बाय!"

ही थकलेली नव्हती. डाव्या कानाशी, अगदी जवळून, रागावलेली. ताट वाढून निवत आलंय आणि पोरगी अंगणातून येत नाही, तेव्हाची हाक.

"ओ," मी म्हणाले, आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. डावा सिग्नल दिला, कडेला घेतली, चारही दिवे लावले. हात शिकवलेलं काम करत होते. मग मी मागे वळून बघितलं.

मावशी होती. ताठ बसलेली होती, कारण पट्ट्यानं तिला धरून ठेवलं होतं. काळा चष्मा जागच्या जागी. तोंड अर्धं उघडं. पदर पट्ट्यातून सुटून मागे लोंबत होता. मी "मावशी" म्हटलं, परत म्हटलं, तिचा हात धरला. हात तव्यासारखा तापला होता आणि घामाचा टिपूस नव्हता. मांडीवर दिलेली पाण्याची बाटली भरलेली होती, झाकणसुद्धा फिरवलेलं नव्हतं. तिच्या म्हाताऱ्या हातात तेवढा जोर नव्हता, आणि मी तो विचार केला नव्हता.

शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, एवढं मला माहीत होतं. बाटली तिच्या मानेवर, छातीवर ओतली, माझी ओढणी भिजवून गळ्याभोवती गुंडाळली. मग टपाचं बटण दाबलं. तो टप लागायला वीस सेकंद लागतात, आणि बटण सबंध वेळ दाबून धरावं लागतं; सोडलं की मधेच थांबतो. बोटानं बटण धरून मी मागे बघत बसले. डिकी उघडली, कापड वर उठलं, आणि त्याची सावली मावशीच्या केसांवरून कपाळावर, कपाळावरून चष्म्यावर, चष्म्यावरून उघड्या तोंडावर हळूहळू उतरत आली. तेवढ्या वेळात मी आईला काय काय कबूल केलं ते तिलाच माहीत. खटका बसला, एसी पूर्ण सोडला आणि लांज्याच्या दवाखान्यात गाडी नेली. आरसा सरळ करून नेली. सारखी मागे बघत नेली.

उष्माघात होता. रात्रभर बर्फाच्या पिशव्या आणि सलाईन. सकाळी तिनं डोळे उघडले, पण माणसं ओळखायला दुसरी रात्र गेली. तिच्या मुलाला मी फोनवर सगळं सांगितलं, चूक माझी म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ताई, उशीर झाला तर टप लाव, एवढं एकच मी सांगायला विसरलो." त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी मावशी उशीला टेकून पेज पीत होती. वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मी हाक मारली व्हती गो तुला."

"कधी?" मी विचारलं, जसं काही मला माहीत नव्हतं.

"त्या भितीजवळ. तू हारन दिलंस ना, त्याच्या मागनं. डोळ्यापुढं काळोख आला, म्हटलं बायला सांगूया, थांबव जरा. तू ओ दिली नायस."

"वाऱ्यात ऐकू आलं नसेल."

"असंल."

"मग परत मारायचीस की," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "परत का नाही मारलीस?"

"कशानं मारू? जीभ उचलत नव्हती." तिनं पेजेची वाटी परत हातात घेतली. "एकदाच काय ती मारली. मग मना काय ठाव नाय, डोळं उघडलं ते हिथं."

मी तिच्या पायावरची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

"मंग थांबलीस कशी?" मावशीनं विचारलं.

"आरशात दिसलीस," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. तिला ते पटलं. गावी गेल्यावर तिनं ते सगळ्यांना सांगितलं, आमची बाय गाडी चालवता चालवता मागचं बघत असते, म्हणून मी आज बसलेय. पुढच्याच महिन्यात त्या गावातल्या दोन मुली माझ्या क्लासला आल्या. आरशाबद्दल त्यांना मी वेगळं काही सांगितलं नाही.

मावशीला गावी नेलं ते शेजाऱ्यांच्या बंद गाडीतून. बोडकी दवाखान्याच्या आवारात आठवडाभर आंब्याखाली उभी होती. ती आणायला मी एकटी गेले. संध्याकाळी आणता आली असती. मी एसटी अशी पकडली की लांज्याला साडेअकराला पोचेन.

त्या भिंतीशी गाडी कडेला घेतली, दिवे लावले, इंजिन बंद केलं. बटण दाबून टप उघडला आणि सीटवर बसून राहिले. ऊन डोक्यावर होतं. एक ट्रक हॉर्न देऊन गेला, भिंतीनं तो परत केला. मग काहीच नाही. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण आईच्या नियमाची नव्हे. मावशी एकदाच बोलावू शकली आणि मी दुसऱ्या हाकेची वाट बघत तिला उन्हात घेऊन गेले. आणि दुसरी मारायला जी आली, तिला मी सहा वर्षांत एकदाही ओ दिली नव्हती. फोन ठेवून दिला होता, आरसा फिरवला होता.

"ओ," मी म्हणाले. कुणी हाक मारली नव्हती तरी म्हणाले, मोठ्यानं. भिंतीकडून ते परत आलं. आवाज माझाच होता, पण जरा उशिरानं आणि जरा जाड होऊन येताना तो आमच्या घरातल्या कुठल्याही बाईचा असू शकला असता.

आता मी पहिल्याच हाकेला ओ देते. पोस्टमन दचकतो. मुली हसतात, बाई, हाक तर पुरी होऊ द्या.

त्या दिवशी टप लावला, आरसा नीट केला. त्यात मागची सीट दिसत होती, रिकामी. मी खाली उतरले, पुढची सीट वाकवली आणि निघण्याआधी त्या रिकाम्या सीटचा पट्टा लावला.